धूळ रस्त्याची, चाक गाडीचं

मुंबईच्या बिघडलेल्या हवेबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. त्या प्रकरणात 9 जानेवारी 2025 रोजी न्यायालयाने राज्य सरकारला एक प्रश्न तपासायला सांगितला : मुंबई महानगर प्रदेशातून पेट्रोल-डिझेलची वाहनं टप्प्याटप्प्याने कमी करत शेवटी बंद करता येतील का? त्याच महिन्यात निवृत्त सनदी अधिकारी सुधीर कुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली गेली. गाडी उभी करायला जागा असल्याचा पुरावा दिल्याशिवाय नव्या मोटारीची नोंदणीच करू नये, असा विचार परिवहन मंत्री प्रताप सरनाईक यांनीही मांडला.

खान्देशात या बातम्या मुंबईचं दुखणं म्हणून वाचल्या गेल्या. खरं तर केंद्र सरकारने 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला तेव्हाच्या प्रदूषित शहरांच्या पहिल्या यादीत जळगाव होतं, आणि आज राज्यातल्या एकोणीस शहरांच्या यादीतही आहे. धुळे त्या यादीत नाही. म्हणून गाड्यांवर बंधन घालण्याचा हा प्रश्न या दोन गावांच्या दोन माणसांच्या तोंडून मांडला आहे. मामा धुळ्याचे, अवधान एमआयडीसीजवळ ट्रकदुरुस्तीचं गॅरेज चालवतात. भाची जळगावला महाविद्यालयात पर्यावरणशास्त्र शिकवते. संवाद कल्पित आहे. त्यातले रस्ते, चौक आणि अडचणी आपल्या रोजच्या आहेत.

भाची : मामा, मी सरळ मागणी सांगते. जळगावात टॉवर चौक, फुले मार्केट, दाणाबाजार, सुभाष चौक एवढ्या भागात सकाळी दहा ते रात्री आठ खासगी चारचाकी आत येऊ देऊ नये. तुमच्याकडे आग्रा रोडवर आणि पाचकंदीलच्या आसपास हाच नियम लावावा.

मामा : आणि तेवढ्याने हवा सुधारेल?

भाची : त्या बाजारात दिवसभर उभ्या असणाऱ्या माणसाची सुधारेल.

मामा : पोरी, माझं आयुष्य इंजिनाच्या धुरात गेलं. धूर कोण सोडतं ते मला यंत्राशिवाय कळतं. नॉझल गळका झालेला, पंपाचं सेटिंग वाढवून घेतलेला, क्षमतेपेक्षा जास्त माल भरलेला जुना ट्रक चढावर गिअर टाकतो तेव्हा मागचा रस्ता दिसत नाही. आणि 1 एप्रिल 2020 नंतरची बीएस-6 मोटार बघ. डिझेलमधलं गंधक दहा लाख भागांत 50 होतं, ते 10 वर आणलं. सायलेन्सरमध्ये गाळणी आली. ज्या गाडीने सगळ्यांत कमी घाण केली तिलाच तू अडवायला निघालीस.

भाची : तुमच्या गॅरेजमधली गाळणी तुम्हीच मला दाखवली होती. लहान फेऱ्या मारणाऱ्या डिझेल गाडीचा डीपीएफ, म्हणजे हीच गाळणी, चोक होतो, म्हणालात. का होतो?

मामा : इंजिन तापत नाही म्हणून. गाळणीत साठलेली काजळी जाळायला उष्णता लागते, ती हायवेवर मिळते. गावातल्या गावात फिरणारी गाडी घेऊन लोक येतात, मी सांगतो, जरा पारोळ्यापर्यंत पळवून आणा.

भाची : पेट्रोल गाडीचंही तेच आहे. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापल्याशिवाय नीट काम करत नाही. आता जळगावातल्या फेऱ्या बघा. पिंप्राळ्याहून टॉवर चौक, मेहरूणहून नेहरू चौक, सगळं तीन-चार किलोमीटरच्या आत. तुमच्याकडे देवपूरहून पांझरा ओलांडली की पाचकंदील आलंच. गाडी तापेपर्यंत माणूस पोहोचलेला असतो. कागदावरची बीएस-6 गाडी आपल्या गावात तिच्या सगळ्यांत वाईट अवस्थेत चालते. आणि पोहोचल्यावरही इंजिन बंद होत नाही. एक जण आत साडी बघतो, दुसरा एसी लावून गाडीत बसतो.

मामा : हे मान्य. तरी प्रमाण बघशील की नाही? कानपूरच्या आयआयटीने दिल्लीच्या हवेचा जो हिशेब 2016 मध्ये मांडला, तो तूच मला वाचून दाखवला होतास. वाहनांतून निघणाऱ्या बारीक कणांत ट्रकचा वाटा सुमारे 46 टक्के, दुचाकींचा 33, आणि चारचाकी मोटारींचा 10 च्या घरात. आपल्या गावात तर मोटारी आणखी कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 2019 ते 21 दरम्यान देशात शंभरातल्या साडेसात घरांत मोटार होती आणि निम्म्या घरांत दुचाकी. मग साडेसातांना अडवून शंभरांची हवा कशी बदलणार?

भाची : त्याच अहवालात आणखी एक आकडा होता. दिल्लीच्या पीएम 10 मध्ये, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतच्या कणांत, निम्म्याहून जास्त वाटा रस्त्यावरच्या धुळीचा.

मामा : मग तर विषयच मिटला. धूळ काढा. अमृत योजनेच्या पाइपलाइनसाठी आणि भुयारी गटारीसाठी तुमचं जळगाव किती काळ उकरलेलं होतं? चारी खोदायची, पाइप टाकायचा, वर मुरूम लोटून निघून जायचं. खालची आपली काळी माती. पावसाळ्यात तिचा चिखल, दिवाळीनंतर तिचंच पीठ. ज्या गल्लीत मोटार शिरूच शकत नाही, तिथल्या घरातही पोळपाटावर धूळ होती. त्याला मोटारवाला काय करणार? ठेकेदाराला रस्ता पूर्ववत केल्याशिवाय बिल देऊ नका, एवढं केलं असतं तरी पुरे होतं.

भाची : ठेकेदाराबद्दल तुमच्याशी माझं भांडण नाहीच. पण मामा, धूळ रस्त्यावर पडून असते तोवर ती कुणाच्या छातीत जात नाही. ती उठवतं चाक. एक चाक गेलं की माती थोडी आणखी बारीक होते, दुसरं गेलं की वर येते. दिवसभर हेच दळण चालू असतं. गल्लीतली धूळही शेजारच्या रस्त्यावरूनच उडून येते.

मामा : चाकाचंच बोलायचं तर वजनाचं बोल. जितकं वाहन जड, तितकी धूळ जास्त. स्कूटरपेक्षा मोटार, मोटारीपेक्षा ट्रक. आणि जळगावच्या पोटातून कोण जातं? सुरत-नागपूर महामार्ग, जुना सहा नंबर, आताचा 53. खोटेनगर, शिव कॉलनी, आकाशवाणी चौक, इच्छादेवी, अजिंठा चौफुली, सगळी वस्ती दोन्ही बाजूंना आणि मधून गुजरात ते बंगालचे ट्रक. समांतर रस्त्यांसाठी जळगावकरांनी किती वर्षं आंदोलनं केली, किती माणसं त्या रस्त्यावर गेली. पाळधी ते तरसोद बाह्यवळण किती रेंगाळलं. धुळ्याला तर तीन महामार्ग भेटतात : मुंबई-आग्रा, सुरत-नागपूर आणि सोलापूरचा. ज्या ट्रकला गावात काही उतरवायचं नाही, तो गावात शिरता कामा नये. हे आधी कर, मग माझ्या मोटारीकडे ये.

भाची : हे मी लिहून घेते, कारण तुमचं बरोबर आहे. जो ट्रक जळगावात थांबणारच नाही त्याला जळगावातून जाण्याचा हक्क नाही. पण हे मान्य केल्यावर तुम्ही म्हणताय, मोटारीचा विचारच नको. ते मला मान्य नाही. ट्रक महामार्गावर धूळ उडवतो, मोटार बाजारात. दाणाबाजारातला हमाल महामार्गावर काम करत नाही. त्याच्यापुरता प्रश्न बाजाराचा आहे.

मामा : दिल्लीने केला की मोटारी अडवण्याचा प्रयोग. नंबर बघून एकाआड एक दिवस, सम-विषम.

भाची : केला. 1 ते 15 जानेवारी 2016, पुन्हा एप्रिलमध्ये, पुन्हा नोव्हेंबर 2019 मध्ये. पहिल्या वेळी दिवसाच्या तासांत बारीक कण सुमारे 13 टक्के कमी झाल्याचा एक अभ्यास आहे. त्याच अभ्यासात एप्रिलच्या फेरीत मात्र काही फरक दिसला नाही.

मामा : बघ.

भाची : कारणंही बघा ना. दुचाकींना सूट, एकट्या बाईच्या गाडीला सूट, सीएनजीला सूट. आणि जानेवारीत शाळांना सुट्टी देऊन शाळांच्या बस रस्त्यावर आणल्या होत्या. तशी सोय कायमची कुठून आणणार? मेक्सिको सिटीत 1989 मध्ये प्रत्येक गाडी आठवड्यातला एक दिवस बंद ठेवण्याचा नियम आला. पुढे अभ्यास झाला तेव्हा हवा सुधारल्याचा पुरावा सापडला नाही. लोकांनी दुसरी गाडी घेतली, तीही बऱ्याचदा जुनी. म्हणून सम-विषम मी मागतच नाही. नंबर बघून दिवस वाटण्यात पैसेवाला सुटतो आणि एकच गाडी असलेला अडकतो. मी दिवस मागत नाही, जागा मागते. एवढा भाग, एवढे तास.

मामा : आणि त्या भागात ज्याला यायचंय तो? चोपड्याचा, यावलचा, पारोळ्याचा माणूस म्हाताऱ्या बापाला गाडीत घालून जळगावला डॉक्टरकडे आणतो. त्याची गाडी चैनीची नाही. त्याच्या गावाला संध्याकाळी सातनंतर एसटी नाही, म्हणून त्याने कर्ज काढून जुनी गाडी घेतलीय. मुंबईवाल्याला लोकल आहे, बेस्ट आहे, मेट्रो आहे. तो बंदीची भाषा करू शकतो. आपल्याकडे काय आहे?

भाची : रुग्णाची गाडी, अपंगांची गाडी, त्या भागात राहणाऱ्यांची गाडी यांना वाट हवीच. मालाच्या टेम्पोला सकाळी नऊपर्यंत. हे नियमातच लिहायचं, पोलिसाच्या मर्जीवर सोडायचं नाही. मोटार वाहन कायद्याच्या 115 व्या कलमात ठरावीक भागात, ठरावीक वेळी वाहनांवर बंधन घालण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे. नवा कायदा नको.

मामा : कायदा असतोच. व्यापाऱ्याचं काय? आग्रा रोडच्या दुकानदाराला विचार. गिऱ्हाईक दारात गाडी लावून येतं. दार बंद झालं की ते बाहेरच्या मॉलला जाईल.

भाची : पुण्यातल्या व्यापाऱ्यांनाही हीच धास्ती होती. 11 डिसेंबर 2021 रोजी पुणे महापालिकेने लक्ष्मी रस्त्याचा एक भाग त्या दिवसापुरता पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवला. पुढच्या वर्षांतही तो दिवस पाळला गेला. एका दिवसाने काही सिद्ध होत नाही, हे मी मानते. पण बघायला काय हरकत आहे? आणि मला सांगा, फुले मार्केटमध्ये खरेदी करणाऱ्या किती जणींच्या दारात मोटार लागते? त्या रिक्षाने येतात, स्कूटरवर येतात, खेड्यातून एसटीने येऊन स्टँडवरून चालत येतात. रस्त्याच्या दोन्ही कडा मोटारींनी अडवल्यावर त्यांना मधून, गाड्यांच्या धुरातून चालावं लागतं. दुकानदार ज्या गिऱ्हाइकाला घाबरतो ते मोजकं आहे, ज्याच्यावर त्याचं दुकान चालतं ते चालत येतंय.

मामा : मेच्या उन्हात चालत येईल? पंचेचाळीस अंशांत?

भाची : आजही चालतंच आहे, फक्त सावली नाही. रस्ते रुंद केले गाड्यांसाठी, निंब आणि वड गेले त्यांच्यासाठी. फागणे ते तरसोद चौपदरी रस्त्यावरून या, जुन्या झाडांचा पत्ता लागत नाही. गाड्यांची जागा कमी केली तर त्याच जागेत झाड लावता येतं. धूळ अडवायलाही झाड हवं.

मामा : तू जागा-जागा करतेस. तुझा विषय हवेचा आहे.

भाची : हवेचाच आहे. टॉवर चौकात कोंडी का होते? चालत्या गाड्या फार झाल्या म्हणून कमी, उभ्या गाड्यांनी रस्ता अर्धा केला म्हणून जास्त. अर्ध्या रस्त्यातून सगळे पहिल्या गिअरमध्ये सरकतात, थांबतात, पुन्हा सरकतात. रिक्षा, स्कूटर, बस, सगळ्यांचा धूर वाढतो. तुमच्या त्या 33 टक्के दुचाकींचासुद्धा. एक मोटार उभी राहायला साधारण अडीच मीटर रुंद, पाच मीटर लांब जागा घेते. ती जागा शहराच्या सगळ्यांत महाग भागात, महापालिकेच्या मालकीची आहे. दिवसभर फुकट. तिथेच केळीची हातगाडी लावली तर बाजार फीची पावती फाडली जाते. गाडीवाल्याला फुकट आणि हातगाडीवाल्याला पावती, हा कुठला न्याय?

मामा : हे मात्र मला लागलं. हातगाडीवाला पैसे देतो आणि मी देत नाही, असा विचार मी केला नव्हता.

भाची : आणि ज्या इमारतींच्या मंजूर नकाशात तळघराला पार्किंग दाखवलंय, तिथे गाळे काढलेत. महापालिकेने ते मोकळे करायचे ठरवले तर अर्ध्या गाड्या रस्त्यावरून आत जातील.

मामा : मग असं कर ना. बंदी नको. रस्त्यावर गाडी लावायचे तासाला पैसे घे, तळघरं मोकळी कर. ज्याला खरंच गरज आहे तो पैसे देईल. नियम सोपा, पोलिसाला हुज्जत नाही.

भाची : पैसे घेणं हेही बंधनच आहे, मामा. तुम्ही माझ्या बाजूला आलात.

मामा : अर्ध्या वाटेवर आलोय. पुढची अर्धी बस आली की. जळगावात मध्यंतरी शहर बस सुरू झाली होती, बंद पडली. केंद्राच्या 2023 च्या पीएम ई-बस सेवेत जळगावचं नाव आहे, चांगलं आहे. पण नाव असणं आणि पिंप्राळ्याच्या थांब्यावर दर दहा मिनिटांनी बस येणं यात अंतर आहे. आधी बस दाखव.

भाची : बसची वाट बघत बसलो तर गाडीवरचं बंधन कधीच येणार नाही. बस नाही म्हणून लोक गाडी घेतात, आणि गाड्यांनी रस्ता भरला म्हणून बस वेळेवर पोहोचत नाही. कुणीतरी आधी हात घालायला हवा. स्टॉकहोमने 2006 मध्ये शहरात शिरणाऱ्या गाडीवर कर लावून सात महिने प्रयोग केला. वाहतूक सुमारे एक पंचमांश घटली. मग लोकांचं मत घेतलं आणि 2007 पासून तो कायम केला. तिथल्या लहान मुलांचा दमा कमी झाल्याचं पुढच्या अभ्यासात दिसलं.

मामा : त्यांनी बस कधी वाढवली?

भाची : कर लावण्याच्या काही महिने आधी. ऑगस्ट 2005 मध्ये.

मामा : मग? तुझ्या स्टॉकहोमनेही आधी बस आणली. आणि आपल्याकडे काय होतं तेही बघ. 17 मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं. लगेच गाड्या भरल्या. आपल्या माणसांना गाडीचा मोह आहे असं उगाच म्हणतात. परवडेल असं आणि वेळेवर येणारं साधन दिलं की ते बसतात. कुणी जबरदस्ती करावी लागली नाही.

भाची : बस आधी, हे मी मान्य करते. पण तारीख लावून. बस सुरू झाल्यापासून सहा महिन्यांनी बाजारातलं बंधन सुरू, असं त्याच ठरावात लिहायचं. नाहीतर ‘आधी बस’ हे वाक्य दहा वर्षं पुरतं.

मामा : तारखेला माझी हरकत नाही. आणि बसबरोबर आपली सीटवर चालणारी रिक्षा धर. देवपूर ते पाचकंदील, देवपूर ते बसस्टँड, धुळं तिच्यावरच चालतं. तिला ठरलेला मार्ग, ठरलेला थांबा आणि ठरलेलं भाडं दे. जुनी रिक्षा देऊन विजेची घेणाऱ्याला कर्जात सवलत दे. धुळ्याएवढ्या गावाला मोठ्या बसपेक्षा हे लवकर उभं राहील. गल्ल्या बघ आमच्या. जुन्या आखणीच्या, सरळ, नंबर दिलेल्या, पण अरुंद. तिथे बारा मीटरची बस वळणार कुठे?

भाची : हे मला सुचलं नव्हतं. मी जळगावच्या रस्त्यांवरून धुळ्याचा विचार करत होते.

मामा : आता एक विचारतो. माझ्या पुतण्याने विजेची मोटार घेतलीय. धूर नाही. त्याला तुझ्या बाजारात सोडशील?

भाची : धूर नाही, पण चाक आहे. बॅटरीमुळे ती तेवढ्याच पेट्रोल गाडीपेक्षा जड असते. धुळीचा नियम तुम्हीच सांगितलात. जागा तेवढीच घेते. आणि आपल्या भागात वीज म्हटली की भुसावळच्या दीपनगरची चिमणी आठवायला हवी. तिथे कोळसा जळतो, राख निघते. विजेची रिक्षा दिवसभरात शंभर माणसं वाहते, तिला आधी वाट द्यावी. एका माणसाच्या विजेच्या मोटारीला बाजारात सवलत देण्याचं कारण मला दिसत नाही.

मामा : आणि कचरा? आव्हाणे शिवारात कचरा पेटतो तेव्हा? थंडीत चौकाचौकांत टायर घालून शेकोट्या पेटतात तेव्हा? शेतात पऱ्हाट्या जळतात तेव्हा? डाळमिलचं भुसकट, चटई कारखान्यांचं प्लॅस्टिक? त्यांना कोण विचारणार?

भाची : सगळ्यांना विचारायला हवं. हिवाळ्यात रात्री हवा थंड होऊन खाली बसते, वारा पडतो, आणि सातपुडा व अजिंठ्याच्या रांगांमधल्या या सखल पट्ट्यात धूर लवकर हलत नाही. तेव्हा प्रत्येक शेकोटी मोजली जाते. पण ‘आधी त्याला विचारा’ हे प्रत्येक जण म्हणतो. शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखानदार ट्रककडे, ट्रकवाले रस्त्याकडे आणि मोटारवाले सगळ्यांकडे. प्रत्येकाने आपल्या वाट्याचं कमी करायचं, याला दुसरा रस्ता नाही.

मामा : माझ्या गावाचं काय? धुळे यादीत नाही. म्हणजे आमची हवा चांगली?

भाची : तसा अर्थ काढू नका. हवामापन केंद्रांच्या पाच वर्षांच्या नोंदी मर्यादेबाहेर गेल्या ती शहरं यादीत घेतली. आपल्या देशाची पीएम 10 ची वार्षिक मर्यादा घनमीटरला 60 मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून 15 म्हणते. जळगावात बी. जे. मार्केट, गिरणा टाकी आणि एमआयडीसीत मोजणी होते. पण हाताने चालणाऱ्या केंद्रांत आठवड्यातून दोनच दिवस नमुने घेण्याची पद्धत. बाकीच्या पाच दिवसांत काय झालं ते त्या केंद्रांवरून कळत नाही. धुळ्याने यादीत येण्याची वाट न बघता बाजाराच्या चौकात चोवीस तास चालणारं यंत्र मागावं आणि त्याचा आकडा पाटीवर लावावा.

मामा : ते लागू दे आग्रा रोडच्या तोंडाशी. मग आकडा खाली आला की नाही, ते दुकानदारही रोज बघतील. बंधनाने फरक पडला तर मी स्वतः व्यापाऱ्यांना सांगायला येईन. नाही पडला, तर तू ते मागे घ्यायचं.

भाची : मान्य. एक वर्ष, उघड आकड्यांवर.

या दोघांचं जिथे एकमत झालं, तेच माझं मत आहे, आणि ते मी स्पष्ट लिहितो. मोटारी अडवल्याने जळगाव-धुळ्याची हवा स्वच्छ होईल, असं सांगणं लोकांची फसवणूक आहे. आपल्या हवेचं मोठं दुखणं उकरलेल्या रस्त्यांत, कडेला मोकळ्या पडलेल्या मातीत, वस्तीतून जाणाऱ्या ट्रकांत आणि जाळलेल्या कचऱ्यात आहे. तेवढ्यासाठी मोटारवाल्याला मोकळं सोडणंही तितकंच चुकीचं. शहराच्या मधल्या एक-दोन चौरस किलोमीटरमध्ये तो सार्वजनिक जागा फुकट वापरतो आणि तिची किंमत हमाल, फेरीवाले, वाहतूक पोलीस आणि शाळेत चालत जाणारी पोरं आपल्या छातीने मोजतात.

क्रम असा असावा. खोदलेला रस्ता पूर्ण, कडेपर्यंत, पूर्ववत झाल्याशिवाय ठेकेदाराला शेवटचं बिल नाही. ज्या ट्रकचा माल गावात उतरायचा नाही त्याला गावातून वाट नाही. बस आणि ठरलेल्या मार्गाच्या रिक्षा यांचं वेळापत्रक जाहीर व्हावं. ते सुरू होताच रस्त्यावरच्या पार्किंगला पैसे आणि तळघरांची सुटका. त्यानंतर सहा महिन्यांनी बाजारपेठेत दिवसा खासगी चारचाकी बंद. रुग्ण, अपंग आणि रहिवासी यांना लेखी सूट. पाचही गोष्टी एकाच ठरावात, तारखांसह. त्यातली शेवटची तेवढी उचलली तर ती गरिबाच्या जुन्या गाडीवर पडेल. शेवटची तेवढी वगळली तर टॉवर चौक आणि आग्रा रोड आहेत तसेच राहतील.

जळगाव आणि धुळे, दोन्ही ठिकाणी 2003 पासून महानगरपालिका आहे. आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला हा ठराव मांडायला सांगा, आणि तो मांडला जाईल त्या दिवशी सभागृहाच्या गॅलरीत जाऊन बसा.